चारशे सतरा, अजून ठरलेलं नाही

"शून्य म्हणजे मुळीच नाही आणि दहा म्हणजे अगदी नक्की. येत्या निवडणुकीत तुम्ही मत द्याल याची शक्यता किती?"

अपेक्षानं इंग्रजीतला छापील प्रश्न छापील आवाजात वाचला आणि उत्तराची वाट पाहिली. पलीकडून आकडा आलाच नाही. आलं ते अस्सल मराठीत — "आयला! फोडणी जळली!"

अपेक्षा रामटेके त्या वेळी हायडेलबर्गच्या एका संशोधन संस्थेतल्या फोनच्या खोलीत बसली होती. बाहेर सप्टेंबरचा पाऊस खिडकीवर टपटपत होता. कानांवर हेडफोन, समोर संगणकाचा पडदा आणि डोक्यात नियमच नियम. जनमत चाचणीच्या कामातला पहिला नियम असा की, छापील वाक्याबाहेर अवाक्षर काढायचं नाही. हसायचं नाही, हळहळायचं नाही, साधं "हो का?" सुद्धा म्हणायचं नाही. तुमच्या आवाजात जरा कौतुक डोकावलं की समोरचा माणूस तुम्हाला आवडेल असं उत्तर देऊन मोकळा होतो. अपेक्षाची पीएचडीच या विषयात चालली होती. कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं हा नियम घडाघडा म्हणून दाखवला असता.

आणि तरीही तिच्या तोंडून निघून गेलंच, "अहो, आधी गॅस बंद करा!"

पलीकडे धावपळ. मग सिंकमध्ये काहीतरी आदळलं, चर्रर्र असा आवाज झाला आणि हळूच कुणीतरी म्हणालं, "गॅस नाहीये. इंडक्शन आहे."

"मग ते बंद करा."

"केलं." मग आवाजात नवल आलं. "तुम्ही… मराठी?"

अपेक्षाच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. काचेपलीकडे फ्राऊ ब्रेण्डेल बसल्या होत्या. त्या फोनच्या खोलीच्या प्रमुख, आणि अधूनमधून कुठलाही फोन मध्येच ऐकायची त्यांची पद्धत होती. अपेक्षानं घसा खाकरला आणि पुन्हा इंग्रजी धरली. "शून्य ते दहा. कृपया एक आकडा सांगा."

"दहा," तो म्हणाला. पण त्या दहामध्ये इतकं हसू होतं की तो आकडा टाईप करताना तिची बोटं चुकली.

फोन कुणाला चालला होता, हे तिलाही नीट ठाऊक नव्हतं. अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक जवळ आली होती आणि लढत इतकी अटीतटीची होती की दोन उमेदवारांमधून वारा जायलाही जागा नव्हती. जर्मनीत राहणारे अमेरिकन नागरिक टपालानं मत देतात. त्यातल्या काही शे लोकांनी आपणहून संस्थेला होकार दिला होता आणि त्यांचा कल कसकसा बदलतो हे संस्था महिनोन्‌महिने टिपत होती. नंबर संगणक लावायचा. अपेक्षाला पडद्यावर दिसायचं ते एवढंच : क्रमांक चारशे सतरा, पुरुष, वय एकतीस, वंश आशियाई, अमेरिकेतलं शेवटचं वास्तव्य मिशिगन. नाव नाही, नंबर नाही. डाटेनशुत्झ, म्हणजे लोकांच्या माहितीची राखण, हा तिथे जवळजवळ धर्मच आहे.

प्रश्न संपत आले. शेवटचा मुख्य प्रश्न होता, आज निवडणूक झाली तर मत कुणाला?

"सांगतो," चारशे सतरा म्हणाला. "पण सांगितल्यावर पुढे काय होतं?"

पाहणीबद्दल कुणी शंका विचारली तर तिचं उत्तर द्यायचं, असाही एक नियम होता. तेव्हा अपेक्षानं ते दिलं. "ज्यांचं ठरलंय, त्यांना निवडणुकीनंतर एकदाच फोन जातो. ज्यांचं ठरलेलं नाही, त्यांना दर आठवड्याला."

"दर गुरुवारी? याच वेळी?"

"हो."

"आणि फोन तुम्हीच करणार?"

"मिशिगनचे सगळे माझ्याकडे आहेत."

पाऊस जरा वाढला. चारशे सतरानं जणू दीर्घ विचार केला आणि म्हणाला, "मग लिहा. माझं अजून ठरलेलं नाही."

तिनं 'अनिश्चित' वर टिचकी मारली. तिला काही कळलंच नाही असं म्हणणं धादांत खोटं ठरेल. आठवडाभर ज्या गोष्टीवर ती प्रबंधात पानंच्या पानं लिहीत होती, ती गोष्ट तिच्या डोळ्यांदेखत घडली होती. विचारणाऱ्यानं नियम सांगून ठेवला आणि उत्तर देणाऱ्यानं उत्तर फिरवलं. पण मन मोठं लबाड असतं. त्यानं तिच्या कानात सांगितलं, नसेलही खरंच ठरलं, कुंपणावर बसलेली माणसं काय थोडी असतात?

फोन संपल्यावर फ्राऊ ब्रेण्डेल बाहेर आल्या. करडे केस घट्ट बांधलेल्या, कधीच घाईत नसलेल्या बाई. "ती कोणती भाषा होती?"

"मराठी."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"शेगडी बंद करा म्हणाले."

बाईंनी क्षणभर विचार केला. "आल्झो… म्हणजे, आग लागू नये म्हणून बोललात. ते चालेल. प्रश्न मात्र इंग्रजीतच. शंकांची उत्तरं हव्या त्या भाषेत द्या."

शंकांची उत्तरं हव्या त्या भाषेत! पुढच्या गुरुवारी अपेक्षानं हे सांगायची खोटी, चारशे सतरानं त्या सवलतीचा पुरेपूर फायदा उठवला. इंग्रजी प्रश्न कसेबसे आटपायचा आणि "पाहणीबद्दल काही विचारायचं आहे का?" हे छापील वाक्य आलं की सुटायचा. दर खेपेला एक शंका तो आधीच तयार करून बसलेला असे.

"लोक खरं सांगतात का हो?"

"खोटं फार नाही सांगत. पण मत देणार म्हणणारे सगळे मत द्यायला जात नाहीत. आमच्या दादाच्या लग्नात आईनं नागपुरात घरोघर फोन केले होते, जेवायला किती माणसं म्हणून. सगळे म्हणाले, येणार म्हणजे येणारच! आईनं सगळ्यांची नावं ऐकली आणि आचाऱ्याला निम्म्याच्या वर थोडी माणसं सांगितली."

"मग? जेवण पुरलं?"

"पुरून उरलं. कोण 'येतो' म्हणतं आणि कोण खरंच येतं, हे तिला मागच्या लग्नांवरून माहीत होतं. आम्ही तेच करतो, फक्त आईइतकं बिनचूक नाही."

तो खळखळून हसला. अपेक्षानं हेडफोन कानांवर उगीचच जरा घट्ट दाबून धरला.

दुसऱ्या एका गुरुवारी तो म्हणाला, "पेपरात लिहितात, चूक अधिक-उणे तीन टक्के. म्हणजे काय?"

"म्हणजे दोन उमेदवारांत अंतर एक टक्क्याचं आणि आमची चुकायची मुभा तीन टक्क्यांची. थोडक्यात, कोण पुढे आहे ते आम्हाला माहीत नाही. पण ते माहीत नसणं आम्ही दशांश चिन्हासकट सांगतो."

"अच्छा! आणि हजारेक माणसांना विचारून अख्ख्या देशाचा अंदाज बांधता. एकाच माणसाच्या मनातलं कळायला किती जणांना विचारावं लागतं?"

"एकालाच."

"मग विचारा ना…"

काचेपलीकडे फ्राऊ ब्रेण्डेल सफरचंद कापत होत्या. "ते… स्क्रिप्टमध्ये नाही," ती म्हणाली.

"हो ना," तो म्हणाला. "तुमची स्क्रिप्ट फार अपुरी आहे."

तिला काही बोलता येत नसे, म्हणून तोच बोलायचा. जन्म मिशिगनमधला, कारण वडील तिथल्या मोटारींच्या कारखान्यात होते. मग नाशिकची शाळा, मग शिकायला आणि नोकरीला पुन्हा मिशिगन, आणि आता दोन वर्षं श्टुटगार्टजवळचं झिंडेलफिंगेन. गाड्यांच्या सीट तपासायचं काम. "दिवसभर खुर्चीत बसायचे पैसे मिळतात, आमच्या घरात हे कुणाला खरंच वाटत नाही," असं तो सांगे. जिना झाडायची त्याची केरवोखं, म्हणजे आठवड्याची पाळी, आली की खालच्या मजल्यावरच्या आजी चष्मा लावून कोपरे तपासत. एकदा बोलता बोलता तो थांबला आणि वेगळ्याच आवाजात म्हणाला, "इथं आल्यापासून माझ्याशी इतका वेळ कुणी मराठीत बोललं नव्हतं. मला वाटायचं, आपण आता स्वतःशीच बोलायला लागणार."

अपेक्षाला वाटलं, सांगावं की मलाही. नेकार नदीच्या काठानं एकटीनं चालताना मीही मनातल्या मनात कुणाशी तरी बोलत असते, आणि हल्ली ते कुणीतरी म्हणजे तुम्ही असता. तिनं छापील वाक्य वाचलं. "वेळ दिल्याबद्दल आभारी आहोत."

त्या 'आहोत'चा तिला स्वतःलाच राग आला.

तिची रूममेट ईश्वरी पुण्याची, दिवसभर प्रयोगशाळेत माशांच्या पेशी पाहणारी आणि संध्याकाळी अपेक्षाला पाहणारी. एका गुरुवारी अपेक्षा आरशासमोर हिरवा कुर्ता नीट करत होती, तेव्हा ईश्वरी दाराला टेकून म्हणाली, "फोनमधून कुर्ता दिसतो का गं?"

"थंडी आहे म्हणून घातला."

"बिनबाह्यांचा?"

अपेक्षानं तिच्यावर उशी फेकली. पण ट्राममध्ये बसल्यावर काचेत स्वतःचा चेहरा दिसला आणि तिचा तिलाच तो ओळखू येईना. शुक्रवारपासून गुरुवारची वाट पाहणारी माणसं अशीच दिसत असावीत. तिला त्याचं नाव माहीत नव्हतं. तो उंच की बुटका, दाढीचा की बिनदाढीचा, काही माहीत नव्हतं. फक्त हसण्याआधी तो किंचित थांबतो, एवढं तिला ठाऊक होतं. तेवढ्या थांबण्यासाठी ती आठवडा काढत होती.

मग ऑक्टोबर संपत आला आणि फ्राऊ ब्रेण्डेल एक आलेख घेऊन तिच्या टेबलाशी आल्या. अशा आनंदी त्या फारशा दिसत नसत.

"बघा! तरुण आशियाई पुरुष, मिशिगनसारख्या निर्णायक राज्यांतले. सगळे गट हळूहळू ठरवताहेत आणि अनिश्चितांत या गटाचा वाटा मात्र वाढतच चाललाय. लाटच आहे ही. एका वृत्तपत्राला पुढच्या आठवड्यात छापायचंय. तुमच्या प्रबंधाचा तर मुख्य धागा होईल."

आलेखावरची ती रेघ खरंच डौलात वर चढली होती. अपेक्षानं मान डोलावली. बाई गेल्यावर तिनं वजनांचा तक्ता उघडला आणि त्या गटाची ओळ शोधली.

प्रत्येक पाहणीत हे वजनांचं गणित असतं. फोनवर म्हाताऱ्या बायका पुष्कळ भेटतात आणि तरुण पोरं मोजकीच. मग हिशेब सारखा व्हावा म्हणून जे कमी सापडतात, त्यांच्या एकेका उत्तराला जास्त वजन द्यायचं. म्हाताऱ्या बाईचं एक उत्तर एकाचंच धरायचं, आणि तरुणाचं एक उत्तर पाच-सात जणांचं. त्या गटात होते इनमीन तिघं. दोघांनी सप्टेंबरातच उमेदवार ठरवला होता. राहिला एक. बाकी लोक जसजसे ठरवत गेले, तसतसं त्या एकाचं 'अजून ठरलेलं नाही' अधिकाधिक मोठं दिसू लागलं.

ती लाट म्हणजे झिंडेलफिंगेनमध्ये फोडणी जाळणारा एक माणूस होता.

त्या संध्याकाळी तिनं ईश्वरीला सगळं सांगितलं. ईश्वरीनं आधी पोट धरून हसून घेतलं. "म्हणजे तो तुझ्या प्रेमात पडलाय हे आता पेपरात येणार? टक्केवारीसकट?"

"ईश्वरी, गंमत नाहीये गं ही. हे छापून आलं तर ते खोटं असेल. आणि त्यावर मी डॉक्टर होईन."

"मग सांग बाईंना. काढतील त्याला."

"काढतील. नियमानं त्याची सगळी माहिती पुसतील, नंबरसुद्धा. मी तो नंबर कधी पाहिलेला नाही आणि पाहायचा नाही असं लिहून दिलंय. एकदा पुसला की तो मला कुठेच सापडणार नाही. नाव तरी कुठं ठाऊक आहे मला?"

ईश्वरीचं हसू मावळलं. "त्यालाच सांग ना तुझं नाव, पत्ता."

"आणि लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवून फोन उचलायचा, तो कशासाठी? मी माझं बघावं म्हणून?"

ईश्वरीनं चहा टाकला आणि अपेक्षाच्या कपात आलं जरा जास्त घातलं.

गुरुवार आला. अपेक्षा हिरवा कुर्ता न घालता गेली. पावसानं रस्त्यावर पिवळी पानं चिकटली होती. तिसऱ्या घंटेला फोन उचलला गेला.

"आज उशीर केलात," चारशे सतरा म्हणाला. "मी कधीची शेगडी बंद करून बसलोय."

तिनं एकही छापील प्रश्न वाचला नाही. सरळ मराठीत विचारलं, "खरं सांगा. तुमचं ठरलंय ना?"

हसण्याआधीचं ते थांबणं आलं, पण या वेळी त्याच्यामागून हसू आलं नाही.

"ठरलंय," तो म्हणाला. "पहिल्या फोनच्या आधीच ठरलं होतं. मत टपालानं पाठवूनही महिना होत आला."

"मग दर आठवड्याला…"

"दर आठवड्याला तुमचा फोन यावा म्हणून. एवढं एक खोटं बोललो. बाकी एक शब्द खोटा नव्हता." मग घाईघाईनं म्हणाला, "मला वाटलं, कुणाचं काय बिघडतंय? एवढ्या मोठ्या देशात एक माणूस!"

"तुम्ही एक नाही आहात. माझ्या तक्त्यात तुम्ही एकटे पाच-सात जणांएवढे आहात. तुमच्यामुळे एक अख्खी लाट तयार झालीय, आणि ती आता छापायला चाललीय."

पलीकडे पाऊस पडत होता की तिच्याच खिडकीवरचा ऐकू येत होता, ते तिला कळेना.

"तुमच्या कामात मी घाण करून ठेवली," तो शेवटी म्हणाला. "काढून टाका मला."

"काढलं की सगळं पुसलं जातं. फोन नाही येणार."

"समजलं." त्याचा आवाज दबला. "निदान माझं नाव तरी…"

"नको!" अपेक्षा जवळजवळ ओरडलीच. काचेपलीकडे फ्राऊ ब्रेण्डेलनी मान वर केली. "सांगू नका. तुम्ही बोलता ते सगळं रेकॉर्ड होतं. नाव सांगितलंत तर ते मला इथून मिळालेलं असेल, आणि इथून मिळालेलं काहीही मला माझ्यासाठी वापरता येत नाही. प्लीज."

"मग तुम्ही तरी एक सांगा. मी एकटाच वाट बघत होतो का गुरुवारची?"

तिनं डोळे मिटले. उत्तर जिभेवर होतं, नुसतं सोडून द्यायचं होतं. "मला… सांगता येत नाही," ती म्हणाली.

"ठीक आहे," तो हळूच म्हणाला. "गेनाऊ. बरोबरच आहे तुमचं." आणि फोन त्यानंच ठेवला. तिला तो ठेवता आला नसता, हे बहुधा त्याला कळलं असावं.

ती उठून फ्राऊ ब्रेण्डेलच्या खोलीत गेली आणि पहिल्या फोनपासूनचं सगळं सांगून टाकलं. नियम आपण कसा सांगून बसलो, तेव्हाच शंका आली होती आणि ती कशी गिळली, तेही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, हेच अपेक्षाला जास्त लागलं. त्यांनी तिला फोनच्या कामावरून कमी केलं, वृत्तपत्राला नकार कळवला आणि चारशे सतरा क्रमांकाची माहिती तिच्यासमोर पुसली. आलेखावरची रेघ सपाट झाली. किती लवकर झाली!

"तुम्ही बरोबर वागलात," बाई म्हणाल्या.

"हो," अपेक्षा म्हणाली, आणि बाहेर येऊन जिन्यात बसून मनसोक्त रडली.

निवडणूक झाली, निकाल लागला, जगभर लोक आपापल्या परीनं हसले किंवा हळहळले. अपेक्षाच्या संस्थेचा अंदाज चुकीच्या मुभेत बसला. तिनं प्रबंधातलं ते प्रकरण फाडून पुन्हा लिहायला घेतलं. दिवस कसेबसे जात. गुरुवारची संध्याकाळ मात्र जाता जात नसे. स्टेशनवर कुणी मराठी बोललं की तिची मान वळायची. एकदा श्टुटगार्टच्या गाडीत मागच्या बाकावर कुणीतरी फोनवर हसलं आणि ती चक्क उठून पाहून आली. टक्कल पडलेले एक गृहस्थ सासूबाईंना "अहो आई, पोचलो" म्हणून सांगत होते. ती परत येऊन जागेवर बसली आणि तिला स्वतःची इतकी कीव आली की हसूच फुटलं.

राहून राहून वाटे, त्याच्या शेवटच्या प्रश्नाला 'नाही' एवढं तरी म्हणायला हवं होतं. नाही, तुम्ही एकटे नव्हतात. एवढ्यानं कुणाची टक्केवारी हलली असती? पण तो बिचारा उत्तराविनाच गेला होता. त्याच्यासाठी ती कोण होती? नियम वाचणारा एक आवाज. तिनं त्याला दुसरं काही होऊच दिलं नव्हतं.

डिसेंबरात संस्थेनं शहरातल्या लोकांसाठी एक संध्याकाळ ठेवली. 'अंदाज कुठे चुकतात' असा विषय. वेबसाईटवर जाहिरात लागली, प्रवेश सर्वांना खुला. बोलायला फ्राऊ ब्रेण्डेलनी अपेक्षाला उभं केलं. "चुकलेल्या माणसाला चुकीबद्दल जास्त सांगता येतं," एवढंच त्या म्हणाल्या. ही बहुधा माफी होती.

सभागृह भरलं होतं. ओल्या कोटांचा वास, बाहेरच्या नाताळच्या बाजारातून येणारा दालचिनीचा वास. तिसऱ्या रांगेत ईश्वरी. अपेक्षा इंग्रजीत बोलली आणि चांगलं बोलली. वजनं कशी देतात ते सांगितलं, आणि एका माणसानं खोटं उत्तर दिल्यामुळे लाट कशी दिसली तेही, त्याचं काहीही न सांगता. लोक हसले. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं, एका विद्यार्थिनीनं विचारलं. मग मागच्या भिंतीजवळून कुणीतरी इंग्रजीत बोललं.

"त्या माणसाला काढून टाकल्यावर आकडे सुधारले का?"

अपेक्षानं माईक दोन्ही हातांत धरला. दिव्यांच्या झोतात तिला मागचं काहीच दिसत नव्हतं. पण दिसायची गरजही नव्हती.

"हो," ती कशीबशी म्हणाली. "बरेच सुधारले."

तो किंचित थांबला. आणि मग भर सभेत मराठीत म्हणाला, "आणि तुमचे गुरुवार?"

दीडशे माणसं. त्यांतल्या तिघांना मराठी येत होतं. अपेक्षानं एकदा फ्राऊ ब्रेण्डेलकडे पाहिलं, एकदा ईश्वरीकडे, जिनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते. मग तिनं त्या काळोख्या भिंतीकडे पाहिलं आणि मराठीतच, स्वच्छ आवाजात सांगितलं, "माझे गुरुवार पार ओस पडले. तुम्ही एकटे वाट बघत नव्हतात. मीही बघत होते, पहिल्या दिवसापासून. अजूनही बघते."

ईश्वरीनं टाळी वाजवली. एवढी मोठी टाळी वाजल्यावर जर्मन माणसं गप्प कशी बसणार? सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

"काय विचारलं त्यांनी?" फ्राऊ ब्रेण्डेल कुजबुजल्या.

"आल्झो… एका प्रश्नाचं उत्तर आपल्याकडून राहून गेलं होतं," अपेक्षा म्हणाली.

गर्दी ओसरल्यावर तो कोटांच्या खुंट्यांपाशी उभा होता. तिनं मनात रंगवला होता तसा अजिबात नव्हता. मध्यम उंची, धुकं धरलेला चष्मा, आणि कान तिच्याइतकेच लाल. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. फोनवर इतकं बोललेल्या माणसाला डोळे असतात, हे दोघांनाही नवंच होतं.

"तुम्ही मला काढून टाकलंत," तो म्हणाला.

"हो. रागावलात?"

"चार दिवस." त्यानं चष्मा काढून स्वेटरला पुसला. "मग लक्षात आलं. तुम्ही गप्प राहिला असतात, तर मी तुमच्या पाहणीतच राहिलो असतो. आणि पाहणीतल्या माणसाशी तुम्ही कधीच बोलला नसतात, जन्मात नाही. आता मी कुठल्याच यादीत नाही. साधा रस्त्यावरचा माणूस आहे. जाहिरात वाचली, गाडीचं तिकीट काढलं आणि आलो. यात तुमचा कुठला नियम मोडतो का?"

अपेक्षानं खरोखरच विचार केला. एकेक नियम आठवून पाहिला. तिला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले.

"एकही नाही."

"मग आता नाव सांगू?"

"थांबा," ती म्हणाली. इतके आठवडे तिनं कागदावरचं वाचलं होतं. निदान एवढं तरी तिला स्वतःहून विचारायचं होतं. तिनं ओल्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुमचं नाव काय?"

"लहू," तो म्हणाला. "आजोबांचं नाव. लहू सोनवणे."

"लहू," तिनं म्हणून पाहिलं. एवढंसं नाव! आणि त्याच्यावाचून आपण एवढा मोठा पावसाळी शरद काढला. "मी अपेक्षा."

तिनं खुंटीवरून स्वतःचा कोट काढला. बाही सापडेना. त्यानं पुढे होऊन ती धरली, आणि हात बाहीतून बाहेर आला तेव्हा तिनं तो मागे घेतला नाही, त्याच्या हातात तसाच राहू दिला.